एका दांपत्याची सांतियागो यात्रा

ज्युबिलीच्या वर्षी लग्नाची पंचवीस व पन्नास वर्षे पुरी केलेली जोडपी वेदीपुढे उभी राहून आपल्या वचनाची पुन्हा उजळणी करतात, हे वाचकांनी पाहिलेच आहे. अशा प्रसंगी आम्हांस फार दूरच्या एका जोडप्याची आठवण होते. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे सन १३४१ मध्ये, ह्या उभयतांनी स्वीडनमधील आपले घर सोडले, आणि स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे प्रेषित संत याकोबाच्या कबरेच्या दर्शनास ती निघाली. वाट सुमारे तीन हजार किलोमीटरांची. परतण्यास १३४३ साल उजाडले.

पत्नी ब्रिजिता, पती उल्फ गुदमारसन. लग्न झाले तेव्हा ती तेरा वर्षांची व तो अठरांचा. उल्फ हा आपल्या प्रांताचा न्यायाधिकारी होता. सरोवराकाठी उल्वोसा येथे त्यांचा वाडा होता. त्यांना चार मुलगे व चार मुली झाल्या; पैकी कातरीना ही पुढे स्वतः संतपदास पोचली. परंतु दोन मुलगे लहानपणीच गेले. घरात सुबत्ता असूनही ह्या आईबापांच्या वाट्याचे दुःख सुटले नाही. सांतियागोपूर्वी ती दोघे नॉर्वेतील निदारोस येथे संत ओलाव ह्याच्या कबरेस जाऊन आली होती, म्हणजे यात्रेची सवय त्यांना अगदीच नव्हती असे नाही.

सांतियागोची वाट म्हणजे एक रस्ता नव्हे. बाराव्या शतकातील एका लॅटिन मार्गदर्शिकेत फ्रान्समधून जाणाऱ्या चार वाटा सांगितल्या आहेत. त्या पिरेनीज पर्वत ओलांडून पुएन्ते ला रेना ह्या गावी एक होतात. निघण्यापूर्वी धर्मगुरू यात्रेकरूच्या झोळीस व काठीस आशीर्वाद देत असे, आणि परतताना तो शिंपला मिरवीत घरी येई. श्रीमंत घरची मंडळी बरोबर चाकर व घोडी घेत, हे खरे. पण ताप आणि पूर काही घराणे पाहून येत नसत. शिवाय १३३७ पासून फ्रान्स व इंग्लंड ह्यांचे युद्ध पेटलेले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विवाहित माणसाचा नवस त्या काळी त्याच्या एकट्याचा नसे. नवऱ्याच्या देहावर बायकोचा व बायकोच्या देहावर नवऱ्याचा अधिकार आहे, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिले. त्यावरून ख्रिस्तसभेच्या कायद्याने ठरविले की, लांबच्या यात्रेचा नवस एकाने बोलावयाचा तर दुसऱ्याची संमती हवी. पोप दुसरे उर्बान ह्यांनी १०९६ मध्ये बोलोन्याच्या लोकांस लिहिताना, तरुण नवऱ्यांनी पत्नीच्या संमतीवाचून येरुशलेमच्या वाटेस लागू नये, असे बजावले होते. पुढे १२०१ मध्ये पोप तिसरे इनोसंत ह्यांनी क्रूसयुद्धास जाणाऱ्यांपुरती ही अट काढून टाकली. त्या सवलतीने कित्येक बायकांच्या डोळ्यांस पाणी आले असेल असे आम्हांस वाटते; परंतु सांतियागोच्या यात्रेकरूंस ती लागू नव्हती. म्हणून उल्फ व ब्रिजिता ह्यांचे एकत्र निघणे ही केवळ हौस नव्हती. दोघांच्या मान्यतेने निघणे हाच धर्म होता, आणि ती तर त्याही पुढे जाऊन बरोबरच चालू लागली.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागली. उत्तर फ्रान्समधील आरास नगरीत उल्फ आजारी पडला, आणि आजार बळावत चालला. घर दूर, मुले दूर, आणि परक्या गावात नवरा मरणाच्या दारी: यात्रेस निघालेल्या कोणत्या बायकोस हे भय वाटले नसेल? त्या संकटात संत दियोनिसियुस ह्याने ब्रिजितेस दर्शन देऊन, ह्या दुखण्यात तुझा पती मरणार नाही, असे सांगितले, असे तिच्या चरित्रात नमूद आहे. उल्फ बरा झाला. तेव्हा दोघांनी मिळून निश्चय केला की, उरलेले आयुष्य ब्रह्मचर्याने देवाच्या सेवेत घालवावे. हा निश्चयही एकाचा नव्हता.

घरी आल्यावर उल्फ आल्वास्त्रा येथील सिस्टर्शियन मठात राहू लागला, आणि १३४४ मध्ये तेथेच वारला. मरण्यापूर्वी त्याने आपली अंगठी तिच्या बोटात घातली होती. थोड्याच दिवसांत तिने ती काढून ठेवली. लोकांनी नावे ठेवली, बाईचे नवऱ्यावर प्रेमच नव्हते म्हणाले. लोक सगळीकडे सारखेच! नवऱ्याबरोबर सारी ऐहिक प्रीती आपण पुरली, असे तिचे सांगणे होते. पुढे १३५० च्या ज्युबिलीसाठी ती रोमला गेली, ती तेथेच राहिली. १३७३ मध्ये तिचे देहावसान झाले आणि १३९१ मध्ये तिला संतपद मिळाले.

तिच्याच कित्त्यावर पाऊल टाकू पाहणारी दुसरी एक बाई इंग्लंडातील लिन शहरची मार्जरी केंप. चौदा मुलांची आई. तिने सांगितलेले आत्मचरित्र १९३४ मध्ये सापडले, त्यात १४१३ च्या जूनमधील एक प्रसंग आहे. कडक ऊन, ती व नवरा जॉन यॉर्कहून चालत येत आहेत, तिच्या हाती बियरची बाटली, त्याच्या छातीशी रोटी. वाटेवरच्या क्रुसापाशी बसून दोघांचा करार झाला: त्याने तिला ब्रह्मचर्याची मोकळीक द्यावी, आणि तिने येरुशलेमला जाण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडावे व शुक्रवारचा उपास सोडून त्याच्याबरोबर जेवावे. मग दोघांनी प्रार्थना केली व तेथेच आनंदाने खाल्लेप्याले. ब्रिजिता व उल्फ ह्यांच्या निश्चयापुढे हा सौदा बाजारी वाटेल, पण संमती ती संमतीच.

१४१७ मध्ये मार्जरी सांतियागोलाही गेली, एकटी, ब्रिस्टलहून जहाजाने. जॉन तेव्हा बरोबर नव्हता. पुढे म्हातारपणी तो जिन्यावरून पडला आणि त्याचे डोके फुटले. तोवर दोघे वेगळी राहत होती. तिने त्यास आपल्या घरी आणले, आणि तो मरेपर्यंत कित्येक वर्षे त्याचे कपडे धुतले, त्याच्यासाठी लाकडे आणून चूल पेटती ठेवली.