सुटीतले पुस्तक आणि कुलूपबंद कपाट

मराठी बालवाङ्मयाचा आरंभ ज्या पुस्तकांपासून सांगितला जातो त्यांपैकी सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’चा पहिला भाग १८२८ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे रत्नागिरीचे नगर वाचनालय आपली स्थापनाही १८२८ चीच सांगते. मुलांसाठी छापलेले पुस्तक आणि लोकांसाठी उघडलेले वाचनालय ही दोन अपत्ये अशी एकाच वर्षातली. परंतु त्यांची एकमेकांशी ओळख व्हायला मात्र फार काळ जावा लागला, आणि ती अजूनही पुरती झाली आहे असे आम्हांस वाटत नाही. या ओळखीची खरी कसोटी लागते ती उन्हाळ्याच्या सुटीत. शाळा बंद असते, दिवस मोठा असतो, आणि मुलाच्या हाती पुस्तक येणार की नाही हे शाळेवर नव्हे तर गावातील वाचनालयावर अवलंबून असते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधारे हा प्रश्न येथे तपासून पाहायचा आहे. १९४९ पर्यंत सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्यातच होता. मग ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोहोंचा वाङ्मयीन इतिहास एकत्र वाचणेच इष्ट.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे जी वाचनालये निघाली ती मुख्यतः प्रौढ, साक्षर, पगारदार पुरुषांची होती. वकील, कारकून, शिक्षक, संस्थानी अधिकारी हे त्यांचे वर्गणीदार, आणि वर्तमानपत्र हे त्यांचे पहिले आकर्षण. साताऱ्याचे आणि सांगलीचे नगर वाचनालय याच परंपरेतले. या संस्थांनी जे कार्य केले ते लहान नव्हे. पण त्यांच्या कल्पनेत मूल हे ‘विद्यार्थी’ होते, ‘वाचक’ नव्हते. विद्यार्थ्याचे पुस्तक म्हणजे क्रमिक पुस्तक, आणि ते शाळेत असते. वाचनालयात त्याने यावे ते मोठेपणी.

मग मुले वाचू लागली ती कोणत्या वाटेने? ती वाट मासिकांची. ‘बालबोधमेवा’ १८७३ मध्ये निघाले, विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये. पुढे १९५२ पासून मराठी ‘चांदोबा’ आणि १९७१ पासून ‘किशोर’. यांच्या पानांवर पिढ्या पोसल्या गेल्या. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. नांगर बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या वसाहतीतून ‘किर्लोस्कर’ १९२० पासून, ‘स्त्री’ १९३० पासून आणि ‘मनोहर’ १९३४ पासून घराघरांत जाऊ लागले. परंतु मासिक टपालाने येते ते वर्गणीदाराच्या घरी. ज्या घरात वर्गणी भरणारा वडीलधारा नाही, त्या घरातील मुलाला या वाटेवर पाऊल ठेवता येत नव्हते. वाचन ही अशा रीतीने बुद्धीपेक्षा जन्माची बाब होऊन बसली.

याचा सर्वांत ठळक पुरावा याच भूमीत आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगितले जाते. पुढे मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके पाहून त्यांनी अक्षरे जुळवली, आणि ‘फकिरा’सारखी कादंबरी मराठीला दिली. आपण ही कथा प्रतिभेचा गौरव म्हणून सांगतो. ती वाचनालयाच्या गैरहजेरीची कथाही आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. एका अण्णा भाऊंना पाट्यांनी तारले. पाट्यांपाशीच थांबलेल्यांची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही.

उन्हाळा हा महाराष्ट्रात विद्येचा हंगाम नव्हता असे नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती रीत गावोगावी पसरली. वाईची वसंत व्याख्यानमाला तर सातारा जिल्ह्याचे भूषणच मानली जाते. हिवाळ्यात संक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरचे साहित्य संमेलन भरते. ही दोन्ही आपली मोलाची देणी आहेत. परंतु दोन्हींचा गाभा श्रवण हा आहे, आणि त्यांतील मूल फार तर सतरंजीच्या कडेला बसलेला श्रोता असते. सुटीत मुलांसाठी म्हणून जे आले ते संस्कारवर्ग आणि शिबिरे. तेथेही बोलणारा मोठा आणि ऐकणारे मूल, हीच रचना कायम राहिली. एकांतात, आपल्या निवडीचे पुस्तक घेऊन बसण्याचा अधिकार या हंगामात मुलाला सहसा कोणी दिला नाही.

उलट या हंगामात एक वेगळीच क्रिया घडते. वर्ष संपत आले की अनेक शाळांत मुलांकडील पुस्तके गोळा केली जातात, दाखल नोंदवहीशी ताडून पाहिली जातात आणि कपाटाला कुलूप लागते. यात शिक्षकांचा दोष काढणे सोपे आहे. पण पुस्तक हरवले तर जाब त्यालाच द्यावा लागतो, आणि निर्लेखनाची वाट कागदपत्रांची व दीर्घ असते. सावध माणूस कुलूपच लावणार. परिणाम मात्र विलक्षण होतो. मुलाजवळ वेळ असतो तेव्हा पुस्तक कपाटात असते, आणि पुस्तक बाहेर येते तेव्हा मुलाचा वेळ अभ्यासक्रमाचा असतो. ज्या घरी पुस्तके आहेत त्या मुलाला हे जाणवतही नाही. ज्या घरी नाहीत त्याची सुटी कोरडी जाते.

हे केवळ आपलेच दुखणे नव्हे. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १८९० च्या दशकातच सुटीतील वाचनासाठी शाळांमधून पुस्तकांच्या याद्या दिल्या होत्या. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांचे अटलांटा शहरातील मुलांविषयीचे संशोधन १९७८ मध्ये ग्रंथरूपाने आले. गरीब व सुस्थित मुलांमधील अंतर सुटीच्या महिन्यांत वाढते, आणि त्या काळातील वाचनाचा मुलांच्या प्रगतीशी निश्चित संबंध दिसतो, असे त्यात आढळले. हे अंतर किती मोठे याविषयी पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. उपायांबाबतही एकमत नाही. रिचर्ड ॲलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील गरीब वस्तीच्या शाळांत मुलांना स्वतः निवडलेली १२ पुस्तके सलग तीन उन्हाळे दिली, आणि त्याचा लाभ झाल्याचे २०१० मध्ये मांडले. जेम्स किम यांच्या प्रयोगांत मात्र नुसती पुस्तके पुरली नाहीत. शिक्षकाने आधी वाचून दाखवले, बोलते केले, तेव्हा फरक पडला. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ग्रंथालये सुटीत मुलांना काही पुस्तके वाचण्याचे आव्हान देतात. या सर्वांतून आमच्या मते तीन गोष्टी उरतात: पुस्तक घरी जाऊ द्यावे, ते मुलाने निवडावे, आणि त्याविषयी बोलायला कोणीतरी मोठे माणूस असावे.

यांतले काही आपल्या परंपरेला अपरिचित होते असेही नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग होता, आणि ग्रंथपेट्या खेड्यांकडे फिरत होत्या. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला तो १९६७ मध्ये. शाळेच्या बाबतीत सातारा वाट पाहत बसला नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आणले, आणि गरिबाच्या मुलाने शाळेपर्यंत यावे की शाळेने त्याच्यापर्यंत जावे हा प्रश्नच निकालात काढला. वाचनालयाबाबत तो प्रश्न तसाच राहिला.

म्हणून भिलारची घटना आम्हांस महत्त्वाची वाटते. पाचगणीजवळच्या, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचे ४ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन सुटीत, ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून उद्घाटन झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय हे गाव त्यामागची प्रेरणा. पण तेथे पुस्तके विकली जातात, भिलारमध्ये ती वाचायला ठेवलेली आहेत. आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके मांडली गेली, आणि त्यांतील बरीच ठिकाणे म्हणजे गावकऱ्यांची राहती घरे. ओसरीवर, बैठकीच्या खोलीत पुस्तक उघडे आहे, ते हाती घेण्यास वर्गणी नाही, विचारणा नाही. आपल्या ग्रंथालयीन इतिहासात हे नवे होते. पुढे राज्य शासनाने योजना वाढवली तेव्हा सांगली जिल्ह्यातील, औदुंबरच्या शेजारचे अंकलखोप हे गाव तीत आले. तथापि पुस्तकांच्या गावी मुलाने जावे लागते. महाबळेश्वरच्या वाटेवरील पर्यटकाच्या मुलास ते सोपे. माण, खटाव, आटपाडी, जत येथील मुलास नव्हे. ऊसतोडणीसाठी या जिल्ह्यांत येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची तर शाळाच गळीत हंगामात तुटते, आणि उन्हाळ्यात ती आपल्या गावी परतलेली असतात. त्यांची ‘सुटी’ आपल्या दिनदर्शिकेत बसत नाही. त्यांच्यासाठी पुस्तकानेच प्रवास केला पाहिजे.

येथे नेहमीचा आक्षेप येतो: पुस्तके हरवतील, फाटतील. त्याला आमचे उत्तर सांगलीच्या इतिहासातच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगली नगर वाचनालयात शिरले आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. त्यांत पुन्हा न मिळणारे ग्रंथ होते, आणि ती हानी भरून येणारी नाही. पण तिने एक गोष्ट शिकवली. जपून ठेवलेले पुस्तक सुरक्षित असते असे नाही. मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत, आणि पुस्तकापुरते तरी ते दोन्ही एकच आहेत. दुर्मीळ ग्रंथ अवश्य जपावेत. परंतु मुलांची पुस्तके फाटण्यासाठीच असतात. सुटीनंतर कोरे परत आलेले बालपुस्तक ही हिशेबाच्या दृष्टीने शिल्लक असली तरी वाचनालयाच्या दृष्टीने तूटच होय.

तेव्हा सुटीतील वाचनोपक्रम म्हणून वक्तृत्वस्पर्धा, बक्षिसे आणि छायाचित्रे यांची भर घालण्यापूर्वी शाळांनी व वाचनालयांनी एक साधा ठराव करावा. एप्रिलच्या अखेरीस साठा मोजावा, पण कुलूप लावण्याऐवजी प्रत्येक मुलाला आपल्या पसंतीची चार-पाच पुस्तके घरी न्यायला द्यावीत, जूनपर्यंत. काही टक्के पुस्तके परत येणार नाहीत असे आधीच गृहीत धरावे आणि त्याचा भार शिक्षकावर टाकू नये. शाळा उघडल्यावर मुलांकडून सारांश लिहून घेऊ नये. कोणते पुस्तक आवडले नाही आणि का, एवढे विचारावे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना यात एक काम आहे. गावातील वाचनालयात सुटीतले काही दिवस जाऊन बसावे, मुलांना वाचून दाखवावे, त्यांचे ऐकावे. वाचकवर्ग घटल्याची तक्रार आपण परिसंवादांतून पुष्कळ केली. तो वाचकवर्ग दर मे महिन्यात आपल्या दारावरून जातो, आणि आपले दार तेव्हा बंद असते.