रोहिणीचे पाणी, तानसेचे पाणी आणि विद्यावेतन

आटगाव स्थानकावर उतरून तानसा तलावाकडे जाणारा रस्ता आपल्या बहुतेक ज्ञातिबांधवांच्या परिचयाचा आहे. १८९२ साली तानसेचे धरण पुरे झाले आणि तेथील पाणी नळांतून मुंबईस जाऊ लागले. पुढे भातसाही त्याच कामी आली. ज्या शहापूर तालुक्यात हे जलाशय आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत बसावे लागते. ही तक्रार मांडण्यास आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आमच्या घरातील एका मुलीने याच प्रश्नावर, शांतता-अभ्यास या शाखेत, डॉक्टरेटसाठी संशोधन करण्याचे मनात घेतले. तिच्यासाठी विद्यावेतनाचा शोध करताना आम्हांस जो पूर्वेतिहास आढळला, तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच हेतू.

शांततेचा अभ्यास तो काय करावयाचा, असे आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी प्रथम विचारले, आणि प्रश्न गैर नव्हता. योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या पंडिताने १९५९ साली ऑस्लो येथे शांतता-संशोधनाची संस्था काढली. लाठी न उगारता, केवळ व्यवस्थेच्या रचनेमुळे माणसाची जी हानी होते, तीही हिंसाच होय, असे त्याने १९६९ साली मांडले. इंग्लंडात ब्रॅडफर्ड विद्यापीठाने १९७३ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडला. तेव्हा हे शास्त्र वयाने लहान आहे; परंतु त्याचा विषय आपणांस नवा नाही.

गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी भ्रमंती करून ते पाली भाषेचे पंडित झाले व कलकत्त्यास शिकवू लागले. १९०८ च्या सुमारास श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की, महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि बडोदे संस्थानासाठी ग्रंथलेखन करावे. कलकत्त्याची जागा सोडून कोसंबींनी हे विद्यावेतन पत्करले. आपल्या लोकांत आपल्या भाषेत काम करता यावे, ही त्यांची ओढ होती. मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश झाला त्यात डॉ. भांडारकरांबरोबर त्यांचाही वाटा आहे. १९१० साली ते हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. तो ग्रंथ छापून निघाला १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी! संशोधनाची फळे किती उशिरा हाती येतात, हे मुलांना पैसे पुरविणाऱ्या पालकांनी ध्यानी घ्यावे.

याच कोसंबींनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गौतमाने गृहत्याग केला, या रूढ कथेवर शंका घेतली. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. अशा तंट्यांत शस्त्र धरण्याचा गौतमास उबग आला असावा, असे त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे सुचविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धचरित्रात, गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीचाच प्रसंग घेतला. आम्हांस हे वाचून तानसेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

बाबासाहेबांस विद्यावेतन मिळाले तेही बडोद्याचेच. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारनाम्यावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची. त्या बळावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मात्र त्यांची पीएच्. डी. ची पदवी प्रत्यक्ष जाहीर झाली १९२७ साली.

आता आजच्या वाटा. रोटरीची शांतता-छात्रवृत्ती प्रसिद्ध आहे, परंतु ती डॉक्टरेटसाठी दिली जात नाही. आमचे दोन महिने या गैरसमजात गेले. केंद्र सरकारची परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय छात्रवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. आपल्यातील काही भूमिहीन कुटुंबे त्यात बसू शकतील. पण २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास व भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. म्हणजे नाईल नदीच्या तंट्यावर लिहावयाचे तर पैसे, तानसेवर लिहावयाचे तर नाही! हा नियम करणाऱ्यांनी एकदा वैशाखात आटगावला उतरावे.

देशात राहून करावयाचे, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘नेट’ परीक्षा आहे. तीत ‘बौद्ध, जैन, गांधी व शांतता अभ्यास’ असा एकच विषय आहे. कोसंबी आज असते तर त्यांना ही मांडणी आवडली असती, असे आम्हांस वाटते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे.

कोणत्याही अर्जात प्रथम संशोधनाचा प्रश्न विचारतात. त्यामागून मार्गदर्शकाची संमती, ओळखणाऱ्या प्राध्यापकांची पत्रे आणि दाखले येतात. दाखल्यांनी आमचा एक हंगाम बुडविला. एका कचेरीत एक कागद अडकला आणि मुदत गेली. म्हणून उत्पन्नाचा व जातीचा दाखला अर्जाच्या कितीतरी आधी काढून ठेवावा.

विषय बदलून परदेशी जा, असा सल्ला आमच्या मुलीस पुष्कळांनी दिला, आम्हीही दिला. तिने तो मानला नाही. सध्या ती नेटच्या तयारीत असून, आटगावहून कल्याणास जाताना गाडीत कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ वाचीत असते.