वाऱ्याचा लगाम

वारा फुकट मिळतो, तेव्हा पवनचक्कीची शक्तीही फुकटच पदरात पडते, असा आपला एक सोपा समज असतो. वारा फुकट आहे खरा. पण त्याच्याइतका लहरी नोकर दुसरा नाही. त्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. झुळकीत जी चक्की हलत नाही, तीच वादळात मोडून पडते. म्हणून पवनचक्कीचा इतिहास हा बव्हंशी तिच्या लगामाचा इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात हा लगाम माणसाच्या हाती होता. चक्कीच्या लाकडी पात्यांवर कापडी शिडे ताणलेली असत. वारा वाढला की चक्की थांबवावयाची, एकेक पाते खाली आणावयाचे आणि कापड गुंडाळावयाचे. यास उशीर झाला, तर चक्की आवरेनाशी होई, लाकडी ब्रेक घासून ठिणग्या उडत आणि पाहता पाहता सारी चक्की पेट घेई. चक्कीवाल्याची मिळकत आणि त्याचा जीव, दोन्ही त्याच्या सावधपणावर टांगलेले असत.

१७४५ साली विगनच्या एडमंड ली या लोहाराने एका युक्तीचे पेटंट घेतले. चक्कीच्या मागील बाजूस, मुख्य पात्यांशी काटकोनात, त्याने एक लहान वातचक्र बसविले. वाऱ्याने दिशा बदलली की हे चक्र फिरू लागे आणि मोठी पाती पुन्हा वाऱ्यासमोर आणून ठेवी. १७७२ मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने कापडाऐवजी स्प्रिंगने धरलेल्या झडपा बसविल्या; जोराचा झोत आला की त्या आपोआप उघडत. १८०७ मध्ये विल्यम क्यूबिटने चक्की न थांबविता सर्व झडपा एकदम हलविण्याची सोय केली.

हे सर्व वाऱ्याला आवरण्याचे उपाय झाले. त्याच्याकडून जास्तीत जास्त काम कसे घ्यावे, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर जॉन स्मीटन या इंजिनियरने प्रयोगाने शोधले. लहरी वाऱ्यावर विसंबण्याऐवजी त्याने लहानशी चक्की एका दांड्याच्या टोकाला बसविली आणि दोरीने तो दांडा स्थिर हवेत गरगर फिरविला. १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने आपले निष्कर्ष मांडले. पात्यांचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात असावा. चक्कीवरचा भार त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असावा. मग काम जवळजवळ घनाच्या प्रमाणात मिळते. याचे कारण समजण्यास कठीण नाही. पाती फार सावकाश फिरली, तर वारा त्यांच्यामधून तसाच निसटतो. फार वेगाने फिरली, तर ती भिंतीसारखी आडवी येतात आणि वारा बाजूने निघून जातो. आल्बर्ट बेट्सने १९२० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, आदर्श चक्कीलाही वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती घेता येत नाही. तेव्हा आहे ते निसटू न देणे महत्त्वाचे.

नियम सापडला, पण तो पाळावा कसा? पुढे जात्याच्या जागी जनित्र आले आणि अडचण वाढली. डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी गेडसर येथे १९५७ साली २०० किलोवॉटची चक्की उभारली. ती दणकट होती, दहा वर्षे चालली. परंतु तिचे जनित्र विद्युत्‌जालाशी थेट जोडलेले असल्यामुळे तिला जवळजवळ एकाच वेगाने फिरावे लागे. वारा बदले, वेग बदलत नसे. म्हणजे स्मीटनचे प्रमाण वाऱ्याच्या एखाद्याच वेगाला साधे.

ही बेडी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, इलेक्ट्रॉनिक परिवर्तकांमुळे तुटली. आता पाते हव्या त्या वेगाने फिरो, जालाला हवी तशीच वीज मिळते. नियंत्रक जनित्राचा भार पात्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवतो. वारा वाढला की पाती पुढे धावतात, तसा भारही वाढतो, आणि योग्य वेगाशी दोघांचा मेळ बसतो. त्यासाठी वारा मोजण्याचीही गरज पडत नाही. वारा फारच वाढला, तर पाती आपल्या आसाभोवती वळून जादा शक्ती सोडून देतात. मीकलच्या झडपांचेच काम ती करतात.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहताना हे ध्यानात ठेवावे. वाऱ्याला हुकूम सोडून कोणी अधिक शक्ती मिळविली नाही. त्याच्या चालीने चालण्याचा नियम १७५९ मध्येच कळला होता. तो पाळणारे यंत्र घडविण्यास मात्र दोनशेहून अधिक वर्षे लागली.