काजूच्या भट्टीचा इतिहास

मुख्याध्यापकाने दारूच्या भट्टीवर लिहावे, हे काहींना रुचणार नाही. पण गोव्याचा इतिहास शिकवताना ही भट्टी मला वगळता येत नाही.

काजू मूळचा ब्राझीलचा; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो इथे आणला. पण बोंडूपासून फेणी काढली ती इथल्याच माणसाने. बोंडू कोळंबीत पायांनी तुडवायचे, रस आंबवून भाणात उकळायचा. वाफ थंड होऊन लवणीत उतरते ती पहिल्या धारेची हुर्राक. पुन्हा गाळल्यावर फेणी. या क्रियेचे ग्रंथ नव्हते. ती बापाकडून मुलाकडे आली.

सरकारांना मात्र तीत महसूलच दिसला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने ब्रिटिशांची अबकारी पद्धत गोव्यात आली आणि माडी काढणारे रेंदेर करांखाली भरडले. तह १८९२ मध्ये संपला. फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २००९ साली!

व्यसनाने उजाडलेली घरे मी पाहिली आहेत. पेल्याचे गोडवे मी गाणार नाही. पण ज्याच्या घामावर खजिने भरले, त्या भट्टीवाल्याला इतिहासाच्या पुस्तकात एक परिच्छेद तरी मिळावा, एवढेच माझे म्हणणे.