न उघडणाऱ्या पेटीचा इतिहास

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण येण्यापूर्वीं हमरापूर नांवाच्या एका लहान स्टेशनावर थांबते. या गांवाचें नांव बाहेरच्या जगास ठाऊक असो वा नसो, भाद्रपदांत ज्यांच्या घरीं गणपति बसतो अशा पुष्कळ कुटुंबांचा हमरापुराशीं नकळत ऋणानुबंध जडलेला आहे. हमरापूर, जोहे व आसपासच्या गांवांतून निघणाऱ्या मूर्ति मुंबई-पुण्यास जातात, समुद्रापलीकडेही जातात. त्यांतील कितीएक रंग लागण्यापूर्वीं, पांढऱ्या स्थितींतच, गांवाबाहेर पडतात. डोळ्यांची आंखणी, शेल्याचा रंग, दागिने हें काम त्या त्या ठिकाणचे कारागीर करितात. एकानें घडवावें व दुसऱ्यानें नटवावें अशी ही व्यवस्था आहे. वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन आहे.

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या गणपतीच्या कारखान्यांत बसलों असतां एक विलक्षण अडचण माझ्यापुढें आली. त्यांचा पुतण्या पुण्यास शिकतो. घरांतील थोरले आजोबा निवर्तल्यावर त्यानें त्यांच्या हातच्या मूर्तींचीं छायाचित्रें एकत्र केलीं, आणि संगणकावरील एका खेळांत, ज्यांत खेळणारास आपल्या पदरचीं चित्रें घालण्याची मुभा असते, हमरापूरची एक आळीच उभी केली. अशा जोडकामास त्या खेळाच्या जगांत ‘मॉड’ म्हणतात. हें सारें त्यानें ‘झिप’ नांवाच्या पेटींत बांधून घरीं पाठविलें. पुढें त्याच्या जुन्या मॅक यंत्राची तबकडी निकामी झाली, मूळ छायाचित्रें गेलीं, व घरीं पाठविलेली पेटी हीच एकमेव प्रत उरली.

हमरापुरांत विंडोज यंत्रावर ती उघडतांच नांवांच्या जागीं ग्रीक व स्पॅनिश अक्षरांचा कचरा पडद्यावर पसरला. काकांनीं ‘यांत विषाणु शिरला’ असें ठरवून सर्व पुसून टाकण्याची तयारी केली होती. तीच पेटी पेणच्या मावसभावाकडे लिनक्स यंत्रावर उघडली, तेव्हां नांवें शुद्ध मराठींत दिसलीं. परंतु खेळ सुरू केल्यावर आळींतले ओटे सगळे रिकामे! एकही मूर्ति जागेवर नाहीं. कोणी काकांच्या अडाणीपणास दोष देत होतें, कोणी पुतण्याच्या धांदरटपणास. दोघेही निर्दोष होते. पेटी उघडण्याच्या या भानगडीचें मूळ शोधूं लागलों तों मी चाळीस-पन्नास वर्षें मागें, आणि बऱ्याच दूरच्या देशांत, जाऊन पोंचलों.

दुसऱ्याच्या खेळांत आपण भर घालावी ही हौस जुनी. परंतु तिला राजमार्ग मिळाला तो १९९३ सालीं. त्या वर्षाच्या १० डिसेंबरला टेक्सस राज्यांतील इड सॉफ्टवेअर या मंडळीनें ‘डूम’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य आज्ञावलीकार जॉन कारमॅक यानें खेळ चालविणारें यंत्र निराळें ठेविलें, व भिंती, राक्षस, आवाज, नकाशे इत्यादि सामग्री ‘वॅड’ नांवाच्या वेगळ्या फाइलींत भरली. यामुळें यंत्रास हात न लावतां सामग्री बदलणें कोणासही शक्य झालें. पांढरी मूर्ति एका गांवची व रंग दुसऱ्या गांवचा, हा हमरापूरचाच व्यवहार! थोड्याच अवधींत हौशी लोकांनीं स्वतःच्या ‘वॅड’ फाइलींचा पूर आणला. १९९७ च्या डिसेंबरांत खेळाची मूळ आज्ञावलीही खुली करण्यांत आली, आणि तेव्हांपासून हा खेळ जगांतील जवळजवळ प्रत्येक जातीच्या यंत्रावर नेण्यांत आला आहे. १९९९ सालीं याच मंडळीचा ‘क्वेक’ मालिकेंतील तिसरा खेळ आला, त्याच्या सामग्रीच्या फाइलींस ‘पीके-थ्री’ असें नांव होतें. आणि ती फाइल म्हणजे नांव बदललेली साधी झिप पेटीच होती. येथें नवशिक्याची मोठी फसगत होते. कांहीं मॉड पेटींतून काढून ठेवावयाचे असतात, तर कांहीं पेटीसकटच खेळाच्या कपाटांत ठेवावयाचे असतात. दुसऱ्या जातीची पेटी जो हौसेनें फोडील त्याच्या हातीं निरुपयोगी तुकडे येतात. मॅकवरचा सफारी तर उतरवून घेतलेली झिप न विचारतांच फोडून ठेवतो, आणि मालकास त्याची वार्ताही नसते.

हीं ‘पीके’ अक्षरें एका माणसाच्या नांवाचीं आहेत. विस्कॉन्सिन राज्यांतील मिलवॉकी शहरीं राहणारा फिल कॅट्झ हा तो माणूस. त्या काळीं टेलिफोनच्या तारेवरून फाइली पाठवीत, आणि जितकी फाइल मोठी तितकें टेलिफोनचें बिल मोठें. म्हणून अनेक फाइली दाबून एका पेटींत बसविणें ही चैन नसून गरज होती. १९८५ सालीं थॉम हेंडरसन यानें ‘आर्क’ नांवाची अशी पेटी काढली. कॅट्झनें तीच पेटी अधिक वेगानें बांधणारी व सोडणारी आज्ञावली लिहिली. हेंडरसननें १९८८ सालीं त्याजवर फिर्याद केली. प्रकरण तडजोडीनें मिटलें. आणि १९८९ सालीं कॅट्झनें अगदीं नवी ‘झिप’ पेटी काढून तिची रचना सर्वांस मोकळी करून दिली. लोकमत तेव्हां एकजात कॅट्झच्या बाजूचें होतें. लहान माणसाविरुद्ध मोठी कंपनी, असें तें भांडण लोकांस वाटलें. वास्तविक हेंडरसनची कंपनीही घरगुतीच होती, आणि आपल्या श्रमांचा मोबदला मागणाऱ्या त्या माणसावर जनतेनें जो राग धरला तो मला तरी अन्यायाचा वाटतो. कॅट्झ २००० सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, एका हॉटेलच्या खोलींत मद्याच्या व्यसनापायीं एकटाच मेला. परंतु आजही कोणतीही झिप पेटी घेऊन तिचीं पहिलीं दोन अक्षरें तपासावीं, तीं ‘पी’ व ‘के’ हींच निघतात.

कॅट्झच्या पेटीचा एक विशेष सांगण्यासारखा आहे. आंतील मालाची संपूर्ण यादी ती आरंभीं न ठेवतां अगदीं शेवटीं ठेवते. पेटींत मागाहून भर घालावयाची झाल्यास सगळी पेटी नव्यानें बांधावी लागूं नये, हा त्यांतला लाभ. उलट तोटा असा कीं, आगगाडींत बसून मोबाइलवर फाइल उतरवीत असतां बोगद्यांत तार तुटली, तर शेवटची यादीच नाहींशी होते आणि शंभरांतील नव्याण्णव हिस्से माल सुखरूप असूनही यंत्र ‘पेटी बिघडली’ म्हणून हात वर करतें. अशा वेळीं पाठविणाराकडील फाइलीचें आकारमान व आपल्याकडील आकारमान ताडून पाहावें. कमी भरल्यास पुन्हां उतरवून घ्यावी. यापलीकडे कांहीं करावें लागत नाहीं.

आतां यंत्रांच्या कुळांकडे वळूं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ला आरंभ केला; लिनक्स व आजचा मॅक त्याच परंपरेंतले. या परंपरेंत कपाटांतील कप्प्यांचीं नांवें उजवीकडे कललेल्या रेघेनें तोडतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉस’नें १९८३ सालीं कप्प्यांची पद्धति उचलली, तेव्हां ती रेघ दुसऱ्याच कामीं, म्हणजे आज्ञेच्या पोटसूचना दाखविण्याकडे, गुंतलेली होती, म्हणून त्यांनीं डावीकडे कललेली रेघ घेतली. एवढ्याशा सोयीखातर दोन घराण्यांच्या रेघा कायमच्या विरुद्ध दिशांस तोंडें करून बसल्या. युनिक्सच्या घरीं रोमन लिपींतील थोरलें व धाकटें अक्षर भिन्न मानतात. विंडोजच्या घरीं, आणि मॅकच्याही नेहमींच्या व्यवस्थेंत, तीं एकच समजलीं जातात. म्हणून विंडोजवर तयार केलेला मॉड, ज्यांत यादींत धाकटें अक्षर व प्रत्यक्ष फाइलीवर थोरलें, तो कर्त्याच्या घरीं बिनतक्रार चालतो आणि लिनक्सवर चित्र सांपडत नाहीं. विंडोजची आणखी एक माया आहे: झिप पेटी तेथें साध्या कप्प्यासारखी उघडलेली दिसते, त्यामुळें माल बाहेर काढलाच नाहीं हें ध्यानांत येत नाहीं, आणि काढल्यावर पुष्कळदां एका कप्प्यांत त्याच नांवाचा दुसरा कप्पा होतो व खेळ पहिल्याच दारांतून हात हालवीत परत येतो.

परंतु हमरापूरच्या पेटीचें दुखणें याहून खोल होतें. तें लिपीचें होतें. १९८१ सालच्या आयबीएमच्या यंत्रांत अक्षरांसाठीं एकंदर २५६ जागा होत्या. त्यांत रोमन अक्षरें बसलीं, युरोपांतील स्वरचिन्हें बसलीं, गणितास लागणारीं थोडीं ग्रीक अक्षरें व चौकटी आंखण्याच्या रेघाही बसल्या. देवनागरीस जागा नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नव्हती. कॅट्झच्या पेटींतील नांवें याच २५६ अक्षरांत लिहावयाचीं असा संकेत पडला. इकडे आपल्या देशांत भारतीय लिप्यांचा प्रमाण-संकेत १९८८ सालीं व सुधारून १९९१ सालीं ठरला. पुण्याची सी-डॅक ही संस्थाही १९८८ चीच. १९९१ च्या ऑक्टोबरांत ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघाली, तिच्यांत देवनागरीची मांडणी याच भारतीय संकेतावरून घेतली होती. पुढील वर्षीं थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं न्यू जर्सींतील एका खाणावळींत जेवतां जेवतां, ताटाखालच्या कागदावर, ‘यूटीएफ-आठ’ ही लेखनरीति आंखली. इतकें सर्व झालें तरी झिप पेटींतील नांव या नव्या रीतीनें लिहिलें आहे असें सांगणारी खूण ठरावयास २००६ साल उजाडलें. मधल्या काळांत ज्यांनीं संगणकावर मराठी मजकूर जुळविला, त्यांस एका टंकांत लिहिलेलें दुसऱ्या टंकांत उघडतांच होणारा गोंधळ निराळा सांगावयास नको.

यूटीएफ-आठमध्यें देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन आंकड्यांनीं लिहितात, आणि त्यांतील पहिला आंकडा नेहमीं एकच असतो. जुन्या आयबीएम तक्त्यांत त्या आंकड्यावर ग्रीक आल्फा आहे, व त्यामागून येणाऱ्या दुसऱ्या आंकड्यावर स्पॅनिश टोपीवाला धाकटा किंवा थोरला ‘न’. पुतण्याच्या मॅकनें नांवें नव्या रीतीनें लिहिलीं, पण खूण लावली नाहीं. हमरापूरच्या यंत्रानें खूण नाहीं म्हणून जुना तक्ता उघडला. तेव्हां आल्फा, न, आणि पुन्हां आल्फा, न, अशी रांग दिसली कीं समजावें, माल शाबूत आहे, आंत मराठीच आहे, फक्त चिठ्ठी दुसऱ्या लिपींत वाचली जात आहे. नांवें कोणत्या रीतीनें वाचावीं हें ज्यांत सांगतां येतें असें पेटी सोडण्याचें दुसरें साधन घेतलें, आणि तीं क्षणांत मराठी झालीं. काकांनीं पुसण्यासाठीं उचललेलें बोट तेव्हां कुठें खालीं आलें.

पेणची रिकामी आळी मात्र मला दोन दिवस पुरली. हरवलेल्या सर्व मूर्ति एकाच कप्प्यांत होत्या, व त्याचें नांव होतें ‘पांढऱ्या मूर्ती’. त्यांतील ‘ऱ्या’ हेंच घर बदलून बसलें होतें. मराठींतील हा अर्धा र लिहिण्यासाठीं युनिकोडमध्यें ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर आहे; परंतु साधा ‘र’ व खालीं नुक्ता अशा दोन चिन्हांनीं लिहिलें तरी तेंही तेंच अक्षर समजावें, असा नियम आहे. १९९८ पासून २०१७ पर्यंत मॅकची जी कपाटव्यवस्था होती ती प्रत्येक नांव ठेवतांना असें जोडअक्षर सुटें करून ठेवी. हेतु चांगला होता: एकाच शब्दाच्या दोन लेखनांमुळें दोन फाइली होऊं नयेत. लिनक्स मात्र नांवाकडे अक्षर म्हणून पाहत नाहीं, नुसते आंकडे ताडतें. मुलानें खेळाच्या यादींत लिहिलेला ‘ऱ’ अखंड राहिला, कप्प्यावरचा मॅकनें फोडला; डोळ्यांस दोहोंत केसाइतकाही भेद नाहीं, आणि यंत्राच्या लेखीं दोन परके शब्द. विंडोजही असाच भेद मानतो, त्यामुळें हमरापुरांतही पुढें हेंच झालें असतें.

उपाय हास्यास्पद वाटेल इतका सोपा होता. कप्प्याचें नांव पुसलें आणि तेंच नांव, तींच अक्षरें, पुन्हां हातानें लिहिलीं. खेळ सुरू केला तों ओट्यांवर मूर्तींच्या ओळी उभ्या राहिल्या. मागें कौलारू घर, पुढें ओली वाट. त्या संध्याकाळीं हमरापूरच्या यंत्रावरही तेंच करून काकांस दाखविलें. ते बराच वेळ पाहत राहिले. एकदां सोंडेचें वळण निरखण्यासाठीं पडद्याशीं नाकही नेलें. मग डाव्या ओट्यावरील तिसऱ्या मूर्तीवर बोट ठेवून म्हणाले, “ही दादांची नव्हे. ही माझी आहे. त्याला कळवा.”