खोल पुरलेलें गाणें

नाटक, गाणें, नाच हीं मनाला ईश्वरापासून दूर नेतात, ही शंका फार जुनी. ती कोणा एका धर्माची मिरासहि नव्हे. सन १६४२ त प्यूरिटनांचा जोर असलेल्या पार्लमेंटनें लंडनचीं नाटकगृहें बंद केलीं. ती बंदी १६६० पर्यंत टिकली. सन १७३६ त गोव्याच्या इन्क्विझिशननें ख्रिस्ती झालेल्या घरांतील लग्नांत जुनीं वाद्यें व ओव्या यांस मनाई केली. या दोहोंच्या मध्यें, १६६८ च्या सुमारास, औरंगजेबानें दरबारांतील गायन थांबविलें. तेव्हां गवयांनीं संगीताची प्रेतयात्रा काढली, आणि ‘पुन्हा आवाज उठणार नाहीं इतकें खोल पुरा’ असें बादशहानें सांगितलें, ही आख्यायिका वाचकांच्या परिचयाची आहेच.

हा सारा केवळ अरसिकपणा होता, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. प्यूरिटनांचा कैवारी मिल्टन यानेंच १६३४ त ‘कोमस’ हें नाट्य रचिलें होतें. औरंगजेबास संगीताची उत्तम जाण होती, असें त्याच्या पदरचे इतिहासकारच लिहितात. सुराची ओढ ज्यास ठाऊक, त्यासच तिची भीति वाटते. ती भीति प्रामाणिकहि असूं शकते. प्रश्न एवढाच, कीं तिचें करावें काय?

याचें उत्तर छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, जवळच असलेल्या खुलताबादेस मिळतें. सन १३३७ त वारलेले चिश्ती संत बुऱ्हाणुद्दीन गरीब तेथें विसावले आहेत. ‘समा’, म्हणजे भक्तिगीतांचें श्रवण, त्यांस प्राणप्रिय. झैनुद्दीन शिराझी या शास्त्रनिष्ठ पंडितानें त्याबद्दल त्यांस दोष दिला. पण पुढें तो स्वतः त्यांच्या मठांत गेला, त्याचें समाधान झालें, आणि तोच त्यांचा शिष्य व वारस झाला, अशी परंपरागत हकीकत आहे.

सन १७०७ त तेव्हांच्या अहमदनगरास वारलेल्या औरंगजेबाची साधी, उघडी कबर याच झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. शंका दोघांसहि आली होती. एकानें हुकूम सोडला. दुसरा जाऊन पाहून आला. हुकमानें गाणें मेलें नाहीं. सरदारांच्या हवेल्यांतून तें चालूंच राहिलें, त्यावर ग्रंथहि लिहिले गेले. लंडनचीं नाटकगृहें पुन्हा भरलीं, आणि गोव्यांतील ख्रिस्ती लग्नघरांत रोसाच्या विधीचीं गाणीं टिकलीं.

आपल्या सुशिक्षित घरांतूनहि तमाशा, नाटक, सिनेमा यांवर असे हुकूम सुटत आले आहेत. पुढचा हुकूम सोडण्यापूर्वीं आपण एकदां झैनुद्दीनांप्रमाणें उंबरठा ओलांडून यावें, इतकीच आमची विनंति.