हीदर
हीदर : (लॅ. कॅलुना व्हल्गॅरिस, कुल-एरिकेसी). आम्लधर्मी, निकृष्ट जमिनीत वाढणारे हे सदाहरित झुडूप युरोपभर, विशेषतः स्कॉटलंडच्या उघड्या माळांवर आढळते. उंची बहुधा २०–६० सेंमी.; क्वचित १ मी. कॅलुना प्रजातीत ही एकच जाती आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला एरिका प्रजातीत ठेवले होते. १८०२ मध्ये सॉल्सबरी यांनी कॅलुना ही प्रजाती वेगळी केली आणि १८०८ मध्ये हल यांनी आजचे नाव रूढ केले. ही फारकत केवळ नावापुरती नाही. झुडूप ओळखण्याची खरी किल्ली तिच्यातच आहे.

माळावर शेजारी वाढणाऱ्या एरिकाच्या जातीही जांभळट फुलांच्याच असल्याने रंगावर भिस्त ठेवता येत नाही. आधी पाने पाहावीत. हीदरची पाने जेमतेम २–३ मिमी. लांब, खवल्यांसारखी व समोरासमोर असतात. प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात येते, म्हणून डहाळीवर पानांच्या चार उभ्या रांगा दिसतात. पानाच्या तळाशी खाली वळलेली दोन बारीक टोके असतात. एरिका सिनेरियात एका पेरावर तीन, तर एरिका टेट्रॅलिक्सात चार पानांचे मंडल असते. चार पाने आणि चार रांगा यांत गल्लत होऊ शकते. पण भिंगातून एकच पेर पाहिले, की दोन आणि चार हा फरक लपत नाही.

फुलाची रचना याहून बोलकी आहे. एरिकात डोळ्यांत भरतो तो घंटेसारखा पुष्पमुकुट. हीदरमध्ये मात्र चार रंगीत संदले पाकळ्यांची जागा घेतात आणि लहान पुष्पमुकुट त्यांच्या आत झाकला जातो. संदलांखालची हिरवी छदकेच संदले भासतात, त्यामुळे नवखा अभ्यासक फसतो. फळ फुटण्याची रीतही निराळी : हीदरचे बोंड पडद्यांच्या रेषेवर उकलते, एरिकाचे कप्प्यांच्या मध्यावर.

यावर दोन आक्षेप संभवतात. दोन्ही प्रजाती एकाच गणातल्या, जवळच्या आप्त आहेत, मग त्या वेगळ्या कशाला? पण नाते जवळचे म्हणून पान, फूल व फळ या तिन्ही ठिकाणचा सुसंगत भेद पुसला जात नाही. एखाददुसऱ्या लक्षणावर प्रजाती उभारली असती, तर आक्षेपाला वजन आले असते. दुसरा आक्षेप बागेतल्या प्रकारांचा : काही पांढरे, काही दुहेरी फुलांचे, तर काहींच्या कळ्या उमलतच नाहीत. तिथे फुलाची कसोटी लंगडी पडते हे मान्य. पानांची मात्र टिकते.

बहर जुलै ते सप्टेंबरात येतो. नंतरही कागदासारखी कोरडी संदले बोंडाभोवती राहतात, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही हे झुडूप ओळखता येते.